गोव्यातल्या फोंड्यातली खुली जागा: शिकायची परसबाग करावी, की मैदानच राहू द्यावं?

माटोळीवाला (धागा सुरू करणारा)
आमच्या वसाहतीची आखणी झाली तेव्हा सोडलेली खुली जागा आजही तशीच पडून आहे. पावसात टायकळ्याचं रान माजतं, उन्हाळ्यात लोक कचरा टाकतात. पालिकेला अर्ज करावा असं काही जणांच्या मनात आहे: अर्ध्या जागेत सामायिक परसबाग, आणि तीच शिकण्याचं केंद्र. इमारत नको. पत्र्याची शेड, बियाण्याचं कपाट, खताचे तीन खण एवढं पुरे.

माझा आग्रह एका कारणासाठी आहे. चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान येतं. कवंडळं, माट्टीची फळं, कांगण्या, तोरिंजन, सगळं जुड्या बांधून. आमच्या इमारतीतली मुलं ते हौसेने टांगतात, पण यातलं वेलीवर काय येतं आणि झाडावर काय, हे बहुतेकांना सांगता येत नाही. फोंड्यात वाढणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमची मतं मोकळेपणाने द्या, विरोधातलीही.

तळमजला
विरोध. मुलांना चेंडू खेळायला दुसरी जागा कुठे आहे? आणि ओल्या कचऱ्याचे खण माझ्या खिडकीखाली येणार. गोव्यातल्या घराचा ओला कचरा म्हणजे माशांची खवली, डोकी, कोलंबीची सालं. दुसऱ्या दिवशी कुत्री आणि माश्या हजर. त्यात कुंड्यांखालच्या बशा, झाकण नसलेली पिंपं. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. उद्‌घाटनाला सगळे येतील, बशा उपड्या करायला कोण येणार?

कुळागरकार
माझाही विरोध, पण वेगळ्या कारणासाठी. सावईवेरे, केरी, प्रियोळ फोंड्यापासून किती लांब? मुलांना कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, घेऊन या. वर माड, खाली माडी (पोफळ), माडीवर मिरीचा वेल, मधे केळी, पायाशी अननस. झरीचं पाणी उतारावरून पाटाने आपोआप फिरतं, पंप लागत नाही. कुठलं पाणी कधी कुठे वळवायचं हे पाटात उभं राहून कळतं. वसाहतीतल्या चार वाफ्यांत यातलं काहीच दिसणार नाही. तोच पैसा बसभाड्याला घाला आणि कुळागर राखणाऱ्यांच्या हाती चार पैसे पडू द्या. कामाला माणूस मिळत नाही म्हणून कुळागरं ओस पडत आहेत.

शाळेतली बाई
कुळागरकार, सहल जरूर काढू या. पण सहलीत मूल बघतं, करत नाही. बी पेरल्यापासून पुन्हा बी हातात येईपर्यंत तीन-चार महिने लागतात, आणि त्यासाठी जागा चालत जाण्याइतकी जवळ हवी.

आपली गोव्याची सात शिरांची भेंडी घ्या. 2023 साली तिला आणि आगशीच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन (GI) मिळालं, त्याआधी 2020 मध्ये खोल्याच्या मिरचीला. पण मानांकनाने बी टिकत नाही, ते दरवर्षी कुणीतरी धरावं लागतं. शेजारी संकरित भेंडी असली की मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात आणि पुढच्या वर्षी शिरांचा नेम राहत नाही. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधायची. भेंडी स्वतःच्याच परागाने धरते. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा, म्हणजे ते कुणी भाजीला तोडत नाही. सातवीतल्या मुलाला हे सहज जमतं, आणि परागीकरणाचा धडा त्याला परत शिकवावा लागत नाही.

तळमजला, वासाची तक्रार रास्त आहे. मासळी पहिल्या वर्षी घ्यायचीच नाही. भाजीपाल्याच्या एका बादलीवर सुक्या पाल्याच्या दोन, आणि ढीग निदान कमरेएवढा हवा, तरच तो आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो. वर छप्पर नसेल तर आपल्या पावसात हवा कोंडून तो सडणार, वासही येणार. शेड हवी ती आधी खतासाठी, माणसांसाठी नंतर.

तळमजला
मासळी नको असेल तर अर्धी अडचण गेली. पाण्याचं बोला. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो.

माटोळीवाला
शेडचं छप्पर 100 चौरस मीटरचं धरलं, तर तीन मीटर पावसात त्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं. टाकी बसवू.

तळमजला
टाकी केवढी? 10,000 लिटरची टाकी जूनमध्येच भरून वाहणार. 200 चौरस मीटर भाजीला उन्हाळ्यात रोज 800 ते 1,000 लिटर पाणी लागतं. म्हणजे सगळी टाकी दहा-बारा दिवसांची. तीन लाखांचा आकडा अर्जात छान दिसेल, मे महिन्यात वाफे सुकलेलेच राहतील.

कुळागरकार
तळमजल्यांचा हिशेब बरोबर आहे. उन्हाळ्यात भाजीचा हट्टच सोडा. जूनमध्ये तवशी (काकड्या), दोडकी, पडवळ मांडवावर, भेंडी वाफ्यात. पाऊस सरला की तांबडी भाजी, मुळा, वांगी. मार्चपासून वाफ्यांवर चुडतांचं (माडाच्या झावळ्यांचं) आच्छादन घालून जमीन झाकून ठेवा. जांभ्याची माती आंबट असते आणि पावसात तिचा कस धुऊन जातो, म्हणून मेअखेरीस खत आणि चुलीची राख. आणि पहिल्या पावसाबरोबर मोठ्या आफ्रिकी गोगलगायी येतील. ओलं गोणपाट टाकून त्याखाली पपईची पानं ठेवा, सकाळी तिथे गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घालूनच.

मत बदललं असं समजू नका. कुळागराची सर याला येणार नाही. पण एवढं नीट शिकवणार असाल तर मी शिकवायला येईन.

शाळेतली बाई
या, दादा. मुलांना आम्ही सांगून कळतं त्यापेक्षा तुम्ही गोणपाट उचललेलं बघून जास्त कळेल.

माटोळीवाला
टाकीचं मान्य. अर्जात उन्हाळी भाजी नाही आणि खण मागच्या भिंतीला, असा बदल करतो. रोज दोन तास काम करणारा पगारी माणूसही घालतो. नुसत्या हौसेवर पहिलं वर्ष सरतं, दुसरं नाही. खेळायची अर्धी जागा कुंपण न घालता तशीच राहील.

तळमजला
कुठली अर्धी? सपाट भाग रस्त्याकडचा आहे. तो मुलांना द्या आणि चढाचा भाग बागेला, तुमचं पाणीही उताराने फिरेल. पगार कुणाच्या खिशातून जाणार तेही लिहा, पालिका की वसाहतीची वर्गणी. हे दोन्ही नकाशासह कागदावर आलं तर माझी सही मिळेल, तोवर नाही.