धक्का बोअरवर ठरत नाही
वय वाढून खांदा कुरकुरू लागला की शॉटगनमध्ये (एका बारात अनेक छरे उडवणारी बंदूक) बारा बोअर सोडून वीस बोअर घ्यावी, असं म्हणतात; ते मत अर्धंच पटतं. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप, वीसची नळी बाराहून अरुंद. बार उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का ठरतो तो छऱ्यांचं वजन, वेग आणि बंदुकीचं वजन यांवर. २.७ किलोच्या वीस बोअरमध्ये २८ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस घातलं, तर २४ ग्रॅमवाल्या ३.५ किलोच्या बारा बोअरपेक्षा ती जास्तच लाथ मारते. आधी काडतूस हलकं करून बघा.

नळी २८ वरून ३० इंच केल्याने छऱ्यांचा वेग नावालाच वाढतो. खरा फायदा झोक्याचा, म्हणजे निशाण्यामागे बंदूक फिरवण्याचा; पुढच्या वजनामुळे तो संथ आणि सलग राहतो. पण सेमी-ऑटोचा (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी एकनळी) रिसिव्हर, म्हणजे नळीमागचा यंत्रणेचा भाग, दुनळीपेक्षा तीन-चार इंच लांब असतो, म्हणून २६ इंची सेमी-ऑटो एकूण लांबीत जवळपास ३० इंची दुनळीएवढी भरते. नुसता नळीचा आकडा बघणारे इथेच फसतात.