शब्दचर्चा: दर्शवते, सुचवते, ध्वनित करते, अधोरेखित करते... रसग्रहणात कुठे काय वापरायचं?

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला बारावीच्या मुलांना मराठी शिकवते. रसग्रहणात बहुतेक मुलं 'या ओळीतून कवीच्या भावना दर्शवल्या आहेत' एवढंच लिहितात, नाहीतर अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमधलं 'अधोरेखित करते' उचलून कुठेही चिकटवतात. मुलांना पटेल असा फरक कसा सांगू?

प्रतिसाद १
ताई, हा फरक शिकवायलाच हवा, कारण कवितेने स्वतः किती सांगितलं आणि आपण त्यातून किती काढलं हे क्रियापदावरूनच कळतं. बहिणाबाईंचं 'आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर' घ्या, तिथे बाई सरळ सांगतायत, मग 'सांगतात' असंच लिहावं, उगाच 'ध्वनित करतात' कशाला? आणि त्याच कवितेत 'अरे संसार संसार' असं दोनदा येतं तिथे 'अधोरेखित' बसतं, कारण अधोरेखित म्हणजे खाली रेघ मारलेलं, आधी काहीतरी लिहिलेलं असेल तरच त्याच्याखाली रेघ मारता येते ना.

'ध्वनित'ला मात्र मागे मोठी परंपरा आहे, नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या ग्रंथात ध्वनी, म्हणजे सरळ न सांगता सुचवलेला अर्थ, हाच काव्याचा आत्मा मानला. काव्यशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'गंगेवर गवळीवाडा'. प्रवाहावर वस्ती असूच शकत नाही म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो, ही लक्षणा, आणि काठ न म्हणता गंगा म्हटल्यामुळे जो गारवा, जे पावित्र्य मनात येतं ती व्यंजना. तर मुलांना सांगा, आधी सरळ अर्थ लिहा, मग त्याच्यापलीकडचं जे जाणवलं ते कुठल्या शब्दामुळे जाणवलं तो शब्द अवतरणात द्या, आणि तेव्हाच 'ध्वनित होतं' म्हणा. तो शब्द सापडत नसेल तर तो अर्थ कवितेतला नाही, आपल्या मनातला आहे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. यात 'भाष्य करते' पण घ्या. 'ही कथा समाजव्यवस्थेवर भाष्य करते' इथे पूर्णविराम देऊन मोकळे होतात, अहो पण काय भाष्य करते?? ते लिहा की!

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार. बालकवींच्या 'औदुंबर'वर एखादं वाक्य करून दाखवाल का सर?

प्रतिसाद १
जरूर. 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य कुठल्याही निसर्गकवितेला चालतं म्हणून ते कच्चं. आता रंग बघा, आठच ओळी आहेत पण हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट हिरव्या कुरणांतून जाते ती काळ्या डोहाकडे. मग वाक्य असं होईल: 'हिरव्या-निळ्यापासून सुरू झालेली कविता पायवाटेबरोबर काळ्या डोहाशी येते आणि या रंगबदलातून उदासी सुचवली जाते, पण काळिम्याला "गोड" हे विशेषण लावल्यामुळे ती उदासी हवीहवीशीही वाटते.' यातला 'पण' फार महत्त्वाचा. 'गोड' सोडून दिला तर कविता नुसती दुःखी होते, आणि ती तशी नाहीये.

प्रतिसाद ३
सर, मग शेवटच्या 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'मधल्या 'असला'चं काय? मी तो 'अशा प्रकारचा' असा वाचते, म्हणजे कवी बोट करून म्हणतोय की बघा, हा असा. तिथे 'सुचवतो' लिहू की 'दाखवतो'?

प्रतिसाद १
'दाखवतो'. बोट केलंय म्हटल्यावर सुचवण्यासारखं काही उरत नाही. तो तिथे का बसलाय हे मात्र कवी सांगत नाही, त्याबद्दल लिहाल तेव्हा 'सुचवतो'वर या.