जाळं फेकायचं तरी कुठून?

राखेचा_बुरूज
परवाच्या खेळातला वाद अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. डी अँड डी, म्हणजे टेबलावर फाशांनी खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, नियमांचं पुस्तक २०१४ चं प्लेअर्स हँडबुक. माझा फायटर (योद्धा) पाचव्या लेव्हलचा, समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. तलवार खाली टाकली, जाळं काढलं आणि त्याच्या अंगाला जवळजवळ चिकटूनच फेकलं. वीस बाजूंचा फासा पडला १७. मी हात वर करणार तेवढ्यात डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, "डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे, दुसरा टाक." म्हणजे दोन्हींतला कमी फासा धरायचा. दुसरा पडला ४. माझे ५ मिळवून ९, ओगरचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११. जाळं गेलं मातीत.

घरी येऊन पुस्तक उघडलं. जाळं हे रेंज्ड (दुरून मारायचं) शस्त्र, पल्ला ५/१५ फूट, साधा ५ आणि लांबचा १५. शत्रू ५ फुटांच्या आत असेल तर रेंज्ड हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. ५ फुटांच्या पुढे गेलात की लांबचा पल्ला सुरू, म्हणजे पुन्हा डिसअ‍ॅडव्हान्टेज. मग हे जाळं फेकायचं तरी कुठून? झाडावरून? असा नियम डीएमने तिथल्या तिथे बाजूला ठेवायला हवा होता, असं माझं मत.

नियमनारायण
असहमत. जाळं लागलं की काय होतं ते बघ ना. शत्रू रिस्ट्रेन्ड, म्हणजे जखडलेला. त्याचा वेग शून्य, त्याच्यावरच्या प्रत्येक हल्ल्याला दोनांतला मोठा फासा देणारा अ‍ॅडव्हान्टेज, त्याच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, डेक्सच्या (चपळाईच्या) सेव्हलाही, म्हणजे बचावाच्या फाशालाही, तेच. आणि त्याला आधी कसलाही सेव्ह नाही! एका फेकीत एवढं मिळत असेल तर त्याची किंमत नको?

शिवाय आकडे मांड. तुला फाशावर ६ हवे होते. एका फाशावर ७५ टक्के, दोन फाशांवर ५६ च्या थोडं वर. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा लागलंच असतं. तुझा ४ पडला यात पुस्तकाचा काय दोष?

राखेचा_बुरूज
किंमत मी आधीच मोजली होती रे. पाचव्या लेव्हलला मला एका पाळीत दोन हल्ले असतात. जाळ्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की त्या अ‍ॅक्शनमध्ये एकच हल्ला. दुसरा गेला. तलवार जमिनीवर. आणि एवढं करून ओगर अडकला असता तरी त्याची ताकद १९, म्हणजे +४. सुटायला फासा आणि ताकद मिळून १० लागतात. चारांतल्या तीन वेळा तो पहिल्याच झटक्यात बाहेर.

सव्वीस_फासे
बाहेर येईल, पण त्यात त्या पाळीतली त्याची अख्खी अ‍ॅक्शन जाईल. ओगरचा सोटा बसला की इजा २डी८+४ (आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४), सरासरी १३. आमच्या टेबलावर जादूगाराचे एचपी (जीव) एकदा नेमके १३ उरले होते, तेव्हापासून ओगरने वाया घालवलेल्या अ‍ॅक्शनची किंमत मला नीट कळते.

बाकी पळवाटा पुस्तकातच आहेत. कुणीतरी ओगरला आधी आडवा पाडा. आडव्या शत्रूवर ५ फुटांच्या आतून अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि तू सरळ एक फासा टाकतोस. किंवा त्याला दिसणार नाहीस अशी सोय कर. किंवा क्रॉसबो एक्स्पर्ट हे खास कौशल्य घे. होय, क्रॉसबो. त्यातलं जवळच्या शत्रूचं कलम सगळ्याच रेंज्ड हल्ल्यांना लागू आहे.

राखेचा_बुरूज
मासे पकडायचे म्हणून धनुर्विद्येचा क्लास लावायचा. बरं.

तिसरा_पहारेकरी
मी बुरूजच्या बाजूने. शस्त्राचा नियम वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नसेल तर नियमात खोट आहे. जाळ्याचंच कशाला? हातात पाईक, दहा फुटांपर्यंत पोहोचणारा लांब भाला. गॉब्लिन (बुटका राक्षस) समोरून धावत येतो, टोकाच्या शेजारून आत शिरतो, आणि मला उलट वाराची रिअ‍ॅक्शन नाही! तोच गॉब्लिन दहा फुटांच्या बाहेर पळाला की मात्र फुकटचा वार, म्हणजे अपॉर्च्युनिटी अटॅक. येणाऱ्याला भोसकायचं तर पोलआर्म मास्टर हे कौशल्य हवं. जगातला कुठलाही भालाईत यावर हसेल.

नियमनारायण
भालाईत हसेल, पण तो सहा सेकंदांच्या राउंडमध्ये आळीपाळीने लढत नव्हता. १९७४ च्या मूळ खेळात खंजीर असो की दोन हातांची तलवार, सगळ्यांच्या इजेला एकच डी६ (सहा बाजूंचा फासा) होता. वेगवेगळे फासे १९७५ च्या पुरवणीत आले. हा खेळ पहिल्यापासून लढाईचा ढोबळ हिशेब आहे. "खऱ्यात असं होत नाही" हे एकदा मान्य केलंत की मी विचारणार, खऱ्यात चिलखतावर तलवार घासून काय होतं? मग तुमच्या दोन हातांच्या तलवारीचे २डी६ ठेवायचे का?

तिसरा_पहारेकरी
सगळं खरं असावं असं मी म्हणतच नाहीये. पण एखादं शस्त्र सरळ वापराल तेव्हा प्रत्येक अंतरावर तोट्यातच असेल, तर ते ढोबळपणाचं उदाहरण नाही, ती नजरचूक आहे. खुद्द २०२४ च्या नियमांत जाळं शस्त्रांच्या तक्त्यातून काढून सामानात टाकलंय. एका हल्ल्याच्या बदल्यात फेकायचं, १५ फुटांपर्यंत, आणि समोरच्याने डेक्सचा सेव्ह करायचा. तुझा नियम इतका निर्दोष होता तर बदलला कशाला?

पडद्यामागे
त्या टेबलाचा डीएम मी. बुरूजने अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

नियम विचित्र आहे, मान्य. पण त्याच्या दोनच खेळ आधी गॉब्लिनांनी यांच्यावर तीन जाळी फेकली होती. तिन्ही मी डिसअ‍ॅडव्हान्टेजने टाकली आणि तिन्ही चुकली. त्यातलं एक जादूगाराच्या डोक्यावर येत होतं, पहिला फासा १८, दुसरा ३. तेव्हा टेबलावर टाळ्या वाजल्या. नियम विचित्र आहे असं कुणी म्हणालं नाही, बुरूजही नाही. मग १७ दिसल्यावर मी तो कसा बदलायचा? फासा पडायच्या आधी विचारलं असतं तर कदाचित ऐकलं असतं.

राखेचा_बुरूज
ती तीन जाळी विसरलोच होतो. टाळ्यांत मीही होतो.

पण फेकायच्या आधी एका वाक्यात सांगायला हवं होतंस. मी तलवार टाकतोय हे तुला दिसत होतं. पाचव्या लेव्हलच्या फायटरला जाळं कसं फेकतात हे ठाऊक असणारच, मला नसलं तरी.

पडद्यामागे
हे पटलं. यापुढे सांगेन. २०२४ चं जाळं पुढच्या खेळापासून चालू करू. तुझा डीसी, म्हणजे समोरच्याने सेव्हमध्ये गाठायचा आकडा, ८ + डेक्सचे २ + प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) ३, म्हणजे १३. गॉब्लिनांनाही तोच नियम.

सव्वीस_फासे
तुमच्या जादूगाराचा डेक्स किती आहे?

राखेचा_बुरूज
८.