वोव्चान्स्कसारख्या सीमेवरच्या गावात स्वयंसेवक नेमकं काय करतात?

प्रश्न: युक्रेनमधलं वोव्चान्स्क, खार्किवच्या ईशान्येला, रशियाची हद्द तिथून अगदी जवळ. मे २०२४ च्या हल्ल्यानंतरचे ड्रोनचे फोटो बघितले, एक घर धड उरलं नाहीये. तिथल्या लोकांना आणि सैनिकांना साधी माणसं मदत करतात असं ऐकते, पण म्हणजे नेमकी कसली? कुणी सांगेल का?

प्रतिसाद १: सगळ्यात अवघड काम म्हातारी माणसं बाहेर काढायचं. तरुण बहुतेक आधीच गेलेले, मागे राहतात ते तळघरात बसलेले आजी-आजोबा, गाय-कुत्रं कोण बघणार म्हणून घर सोडायलाच तयार नसतात. मग पोलीस नि स्वयंसेवक व्हॅन घेऊन जातात, समजूत काढतात, पिशवीत कागदपत्रं औषधं भरतात आणि तोफा चालू असतानाच त्यांना खार्किवला आणून सोडतात. ही हिंमत बघून मला तर भरून येतं.

प्रतिसाद २: सैनिकांसाठीचं काम देशभर चालतं. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी घट्ट बसवायची, वरून वितळवलेलं मेण ओतायचं, झाली खंदकातली मेणबत्ती, त्यावर हात शेकता येतात, जेवण गरम होतं. शिवाय कापडाच्या पट्ट्या जाळीत विणून गाड्या नि तोफा झाकायला जाळ्या करतात, शाळेत, वाचनालयात बायका तासन्‌तास उभ्या राहून विणत असतात.

प्रश्नकर्ती: मेणबत्तीचं खरंच माहीत नव्हतं! मदत पाठवायची तर?

प्रतिसाद १: इथून वस्तू नको, पैसेच बरे, गरजा सारख्या बदलतात. फक्त संस्था हिशोब जाहीर करते का ते आधी बघ.