मदत हवी आहे: अटलांटा विमानतळावरील चालकविरहित गाडी

आर्णी तालुक्यातील आमच्या गावाहून आई प्रथमच, आणि तेही एकटी, बहिणीकडे अमेरिकेला निघाली असून तिला अटलांटा येथे विमान बदलायचे आहे. १९८० पासून जमिनीखालून धावणारी तेथील ‘प्लेन ट्रेन’ टी, ए, बी अशा क्रमाने एफपर्यंतचे कॉन्कोर्स (विमानांची गेट असलेल्या इमारती) जोडते, हे मला ठाऊक आहे; परंतु तिची दारे आपोआप मिटतात, सूचना इंग्रजीत होतात आणि आईला केवळ मराठी वाचता येते. एसटीत वाहकाला तरी विचारता येते. व्हीलचेअर नोंदवल्यास, इमिग्रेशन व सामानाची पुन्हा नोंद झाल्यानंतर, सहायक या गाडीतून पुढच्या विमानाच्या गेटपर्यंत सोबत राहतो का? ज्यांच्या घरचे ज्येष्ठ असे गेले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. आम्हा सर्वांना फार काळजी लागली आहे.