मदत हवी आहे : आईसाठी ख्रिस्ती प्रेमकथा आणि रहस्यकथा सुचवा

नमस्कार मंडळी, आम्ही नंदुरबारचे. आई निवृत्त नर्स. चर्चमधल्या एका ताईंनी तिला कॅनडाच्या लेखिका जेनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) ही इंग्रजी कादंबरी दिली. नवरा अचानक गेलेली मुलगी, निव्वळ सोयीसाठी केलेलं दुसरं लग्न आणि मग हळूहळू रुजणारं प्रेम. तेव्हापासून "असंच दुसरं आण" हा धोशा चालू आहे. दुपारी कळण्याची भाकरी थापतानाही पुस्तक डब्याला टेकवून उघडं!

त्या मालिकेचे पुढचे भाग मिळतील, अडचण रहस्यकथांची आहे. खून चालेल, रक्ताचा सडा नको. श्रद्धा गोष्टीतूनच यावी, दर दहा पानांनी प्रवचन नको (हे तिचंच म्हणणं). चेस्टरटनचा फादर ब्राऊन (गुन्हे उकलणारा पाद्री) आवडला, पण इंग्रजी जड गेलं.

मराठीत बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) वाचून झालंय, पण ते विधवांच्या हालांवरचं, प्रकरणच वेगळं. आजच्या मराठीत असं कुणी लिहितं का? अनुवाद? सोपं इंग्रजीही चालेल. धुळे-जळगावात जुनी पुस्तकं कुठे मिळतील? अक्षर मोठं हवं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. मोबाईलवर ती वाचत नाही.