दाढ काढण्याआधी हाडाबद्दल सांगायला हवं की नको?

गोदाकाठची
माझं म्हणणं आधीच सांगते. मोठ्या माणसाची दाढ काढायची ठरली की भुलीचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी सांगायलाच हवं की दाढ गेल्यावर तिच्याभोवतीचं हाडही झिजतं, आणि पुढेमागे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करायचं मनात असेल तर त्याचा विचार आजच करावा लागेल. ओळखीतल्या ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी एकालाही हे सांगितलेलं नव्हतं.

आईचं वय ६६. वरची डावी पहिली दाढ तीन वर्षांपूर्वी काढली. तेव्हा "जखम भरू द्या, मग बघू" एवढंच सांगितलं. आता दुसऱ्या दवाखान्यात इम्प्लांटसाठी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) केला, तर सायनसच्या, म्हणजे वरच्या दाढांवरच्या हवेच्या पोकळीच्या, खाली हाड उरलंय ३ मिमी. तेवढ्यात स्क्रू धरत नाही. म्हणून सायनस लिफ्ट सांगितलंय. गालाच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडायची, सायनसचं अस्तर अलगद वर उचलायचं, खाली ग्राफ्ट (हाडासारखं भरण) भरायचं आणि सहा ते नऊ महिने थांबायचं. मग इम्प्लांट, मग पुन्हा काही महिने, मग वरची कॅप, म्हणजे दाताचा दिसणारा भाग. खर्च जवळजवळ दुप्पट. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही, ते वेगळंच.

तेव्हा दोन मिनिटं बोलले असते तर आम्ही विचार केला असता. तुमचं मत काय?

अंबड लिंक रोड
ताई, राग समजतो, पण उलटी बाजू बघा. दाढ काढायला आलेला माणूस दुखण्याने अर्धमेला झालेला असतो, रात्रभर झोपलेला नसतो. त्या वेळी त्याला "ग्राफ्ट भरा नाहीतर हाड जाईल" म्हटलं तर तो काय विचार करणार? घाबरून हो म्हणेल. आमच्या कंपनीतल्या एकाला असंच भरलं. पुढे त्याने इम्प्लांट केलंच नाही, परवडलंच नाही. पैसे गेले ते गेले. सांगण्याच्या नावाखाली विक्री सुरू होते आणि खुर्चीत आडवा पडलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. माझा विरोध त्याला आहे.

दंतवैद्य, नाशिकरोड
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण आधी आत काय होतं ते बघू.

दाताच्या मुळाला लागून जो हाडाचा पातळ थर असतो, तो दातासाठीच असतो. दात गेला की शरीर तो काढून टाकतं. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ. पुढच्या दातांत तर ती बहुतेक वेळा १ मिमीपेक्षाही कमी असते, म्हणून आधी तीच खचते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. वरच्या दाढांच्या बाबतीत सायनसही खाली उतरतो, म्हणजे दोन्हीकडून मार. खालच्या जबड्यात अडचण वेगळी, तिथे नस असते. हाडाची उंची कमी असताना इम्प्लांट रेटलं तर ओठ आणि हनुवटी बधीर होऊ शकते.

आता ग्राफ्ट. दाढ काढल्यावर उरलेल्या खळग्यात भरलेल्या ग्राफ्टने झीज कमी होते, थांबत नाही. पेशंटला "हाड जसंच्या तसं राहील" असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. चारही भिंती शाबूत असतील तर खळगा स्वतःहून छान भरतो. पू असेल तर भरायची घाई करू नये. आणि इम्प्लांट करायचंच नसेल तर ग्राफ्टला बहुतेक वेळा अर्थ नाही. म्हणून प्रत्येक दाढेला ग्राफ्ट या मताचा मी नाही.

ताई, तुमच्या आईंना तेव्हा ग्राफ्ट भरलं असतं तरी सायनस लिफ्ट टळलंच असतं असं छातीठोक सांगता येणार नाही. कदाचित खिडकी न पाडता, इम्प्लांटच्या भोकातूनच सायनसचं अस्तर थोडं उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता आलं असतं. त्याला साधारण ५ मिमीच्या आसपास तरी हाड लागतं.

गोदाकाठची
डॉक्टर, भरायलाच हवं असं मी कुठे म्हणतेय? सांगायला हवं म्हणतेय. तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते मराठीत एका कागदावर छापून पेशंटच्या हातात द्यायला काय हरकत आहे? आणि अंबडकर दादा, दुखणं असताना निर्णय घेता येत नाही हे मान्य. पण मग गोळ्या देऊन, दुखणं उतरवून, दोन दिवसांनी काढा की. बऱ्याच दाढांना तेवढी सवड असते. नाशिकला एवढे दवाखाने, पंचवटीत दंत महाविद्यालय, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ, आणि पेशंटला साधी माहिती मिळू नये?

शरणपूर रोड, निवृत्त
मी ७३ वर्षांचा. दोन्हीकडच्या शेवटच्या दाढा नाहीत. इम्प्लांट नाही, ग्राफ्ट नाही, कवळीही नाही. पुढचे दात आणि उपदाढा चांगल्या आहेत, त्यावर भाकरी खातो. मागची प्रत्येक दाढ परत बसवलीच पाहिजे हा आग्रह कशासाठी? ६६ व्या वर्षी आईला खिडकी पाडून घ्यायला लावण्याआधी तिला विचारलंत का, तिचं खाणं अडतंय का? नाहीतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का दात, आहेच. महिन्याभरात मोकळे.

गोदाकाठची
काका, विचारलं. तिचं उजवीकडचं चावणं आधीच कमी आहे, त्यामुळे डावी बाजू हवीच. आणि ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतील. तिच्या तोंडात जे चांगलं उरलंय, तेच घासायला माझं मन तयार होत नाही.

निफाडकर
मला एक वेगळंच विचारायचंय. आमच्या घरी माळ आहे. वडील दरवर्षी त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जातात. त्यांना ग्राफ्ट सांगितलं आणि मी सहज विचारलं, हे हाड कशाचं? तर म्हणे गायीवर्गातल्या जनावराचं, प्रक्रिया केलेलं. वडील खुर्चीतून उठलेच. आता यावर कोण बोलणार? अज्ञानात झालं असतं आणि नंतर कळलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं.

अंबड लिंक रोड
दादा, औषधात धर्म आणला तर कसं चालेल? बहुतेक कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं असतं.

दंतवैद्य, नाशिकरोड
नाही, निफाडकरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांच्या वडिलांना नकाराचा पूर्ण हक्क आहे. ग्राफ्ट चार तऱ्हेचं असतं: पेशंटचंच हाड, दुसऱ्या माणसाने दान केलेलं, जनावराचं आणि कृत्रिम. जनावराचं बहुधा गायीवर्गातलं असतं. त्यातला सेंद्रिय भाग काढून टाकतात, उरतात खनिजाचे रव्यासारखे पांढरे दाणे. बाटलीतून वाटीत काढून रक्तात भिजवले की गोळा होतो. हे दाणे म्हणजे आधार, त्यांच्यामधून नवं हाड पेशंटचं शरीरच तयार करतं. ज्यांना जनावराचं नको त्यांना कॅल्शियम फॉस्फेटचं कृत्रिम ग्राफ्ट आहे. अनेक ठिकाणी ते चांगलं काम देतं.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. ग्राफ्टवर जो पातळ पडदा ठेवतात, तो बहुतेक कोलॅजनचा असतो आणि तेही जनावराचंच, कधी डुकराचं. कृत्रिम पडदे मिळतात. तेव्हा दोन्हींबद्दल विचारा आणि बाटलीवरचं स्टिकर आपल्या फाइलला चिकटवून मागा.

निफाडकर
पडद्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. बरं झालं विचारलं.

लासलगावची सून
मी सायनस लिफ्ट करून घेतलंय, म्हणून लिहिते. ऑपरेशनपेक्षा नंतरचे दोन आठवडे सांभाळायचे असतात. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. आमच्याकडे कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा भरायचे दिवस, सगळीकडे फोलपटं आणि धूळ, शिंकेवर शिंक. शेवटी सासूबाईंनी मला चाळीकडे फिरकूच दिलं नाही. हे आधी माहीत असतं तर तारीख पावसाळ्यात घेतली असती. आज त्या दाढेने शेंगदाणे खाते, तक्रार काही नाही. पण ताई म्हणतात ते खरं, सांगत नाहीत. आणि घरात कुणी तंबाखू, मिश्री लावत असेल तर आधी ती सोडवा. माझ्या डॉक्टरांनी त्याशिवाय हात लावणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.

अंबड लिंक रोड
ठीक आहे, छापील कागदाला माझी हरकत नाही. फक्त त्यावर "काहीच केलं नाही तर काय होईल" हेही लिहा. आणि ग्राफ्टशिवायचे मार्गही. मी ऐकलंय की हल्ली आखूड इम्प्लांट मिळतात.

दंतवैद्य, नाशिकरोड
मिळतात, ६ मिमीचे. ठरावीक जागी त्यांचे निकाल चांगले आहेत. पण ३ मिमी हाडात ६ मिमीचं कसं बसवणार? ताईंच्या आईंना तो मार्ग नाही.

ताई, एक विचारायचं राहिलं. साखर कशी आहे? आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आईंना कधी इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी सुरू होती का?

गोदाकाठची
साखर आहे, पण आटोक्यात. मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.८ होतं. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात, ते दोनदा झालंय. दातांच्या दवाखान्यात हे कुणी विचारलं नाही. त्याचा काय संबंध?

दंतवैद्य, नाशिकरोड
मोठा संबंध आहे. त्या औषधांनी हाडाची झीज मंदावते, तशी जबड्यातली दुरुस्तीही मंदावते. क्वचित ऑपरेशननंतर हाड उघडं पडतं आणि भरून येत नाही. ठिसूळपणासाठीच्या डोसात हा धोका कमी असतो, त्यामुळे घाबरू नका आणि औषध मनाने बंदही करू नका. पण सायनस लिफ्टची तारीख आत्ता नक्की करू नका. सलाइन कधी कधी दिलं त्याच्या चिठ्ठ्या घ्या, ज्यांनी ते सुरू केलं त्या डॉक्टरांशी दातांच्या डॉक्टरांचं बोलणं करून द्या, मगच ठरवा.

गोदाकाठची
फाइल काढली. शेवटचं सलाइन जूनमधलं आहे. उद्या सकाळी आधी हाडांच्या डॉक्टरांना फोन करते आणि दातांची तारीख पुढे ढकलते.